जेवणानंतर घेणे

"काकू, एकही गोळी चुकवली नाहीत ना?" मी पुन्हा विचारलं. खानोलकर काकूंचा लघवीचा संसर्ग साध्या औषधांना दाद देत नव्हता. रिपोर्टप्रमाणे आता एकाच प्रकारची गोळी लागू पडणार होती. तीही फुकट गेली, तर भरती होऊन इंजेक्शनं घ्यावी लागणार.

"नाही हो! तुम्हीच पाकिटावर लिहिलंय ना, जेवणानंतर घेणे? जेवले की घेतेच."

त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती जवळजवळ भरलेली होती.

"मग एवढ्या उरल्या कशा?"

"अहो, नवरात्र आहे. घट बसल्यापासून मी जेवले कुठे?"

"काहीच खाल्लं नाहीत?"

"खाल्लं की! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू. पण तो फराळ झाला. जेवण नव्हे."

जंतूंना उपासतापास कळत नाही, गोळ्या अशा मध्येच थांबल्या की ते आणखी निर्ढावतात, हे मी हसू दाबत समजावलं. काकूंचा चेहरा उतरला. मी पाकिटावरचं 'जेवणानंतर' खोडून ठळक अक्षरांत 'फराळानंतर' लिहिलं. "आजपासून रोज, पट्टी संपेपर्यंत."

काकू दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पण डॉक्टर, उद्या दसरा. उद्या तर मी पुरणपोळी जेवणार. मग गोळी बंद ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वर पाहिलं, तर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.