कुंडलिकनं आणलेलं स्थळ

"ज्ञानूला पोरगी द्यायची न्हाई," साळूबाई लेकाला म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडू लागल्या.

कुंडलिक दारातच थांबला. आपल्या मित्राला, ज्ञानूला, कामथडीच्या थांब्यावर एस.टी.त बसवून तो नुकताच घरी आला होता. ज्ञानूनं पोहे खाल्ले होते, रतनला दोन प्रश्न विचारले होते, हुंडा नको म्हणून स्वतःहून सांगितलं होतं. रतन आत चुलीपुढं बसून ऐकत होती. तिला ज्ञानू आवडला होता. भावाला ती तसं म्हणालीही होती.

"काय वाईट हाय त्याच्यात? माझ्यासंगं चार वर्सं शिकला. कसलं येसन न्हाई."

"तुझ्यासंगं शिकला, हेच वाईट. त्या कॉलेजातनं भाईर पडलेल्याला काय पगार मिळतो, ते मी घरात बघते न्हवं."

कुंडलिक सोसायटीत कारकून होता. महिना दोनशे दहा रुपये. ज्ञानूला पाच रुपये कमीच होते.

सहासष्ट साली कुंडलिक मॅट्रिकला शाळेत पहिला आला. पुण्याला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला त्याचा नंबर लागला, वसतिगृहात जागाही मिळाली. पत्र आलं त्याच दिवशी साळूबाईंनी छाती धरून अंथरूण धरलं. वडील आधीच गेलेले, रतन दहा वर्षांची. "तू जा, पर माझं मढं उचलायला परत ये," एवढंच त्या म्हणत. प्रवेशाची तारीख टळली. मग सायकलनं जाऊन येता येईल अशा एका नव्या कॉलेजात कुंडलिकनं नाव घातलं. तिथं बी.ए.शिवाय काही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात साळूबाई खुरपणीला जाऊ लागल्या.

आपण आईचा जीव वाचवला. कोणी पुण्याचा विषय काढला की तो हेच सांगायचा. सांगताना त्याला बरं वाटायचं.

"मग कुणाला द्यायची?" त्यानं विचारलं.

"विंझरच्या बाजीरावाला. पिंपरीला कारखान्यात हाय. साडेसहाशे पगार, वर कंपनीची खोली. उद्या तूच जाऊन इचार."

बाजीराव शाळेत कुंडलिकच्याच वर्गात होता. गणितात कुंडलिकची वही उतरवून पास झालेला. कुंडलिकची पुण्याची जागा रिकामी राहिली, तेव्हा यादीतला पुढचा म्हणून ती त्याला मिळाली होती.

रतन बाहेर आली. "आई, दादा तुझ्यापायी राहिला. गेला असता तर त्यालाबी तेवढा पगार असता."

"जास्तच असता," साळूबाई म्हणाल्या. "बाजीरावापरीस हा हुशार."

कुंडलिक खाली बसला.

"तवा तुझ्या छातीत दुखत व्हतं न्हवं, आई?"

साळूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "पोर लहान व्हती. घरात गडीमानूस नको व्हता?"

"मग ह्यात माझं नुकसान व्हईल, ते ठावं व्हतं तुला?"

"ठावं नसाया काय झालं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पर नुकसान तुझं व्हनार व्हतं, माझं न्हाई."