हिरवी की पांढरी

धक्क्याला दोन बोटी बांधलेल्या होत्या. एक हिरवी, बुटकी आणि रुंद. दुसरी पांढरी, निमुळती, नाक वर करून उभी. सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी मिळून पाण्यावर जायला यांतली एक विकत घ्यायची होती. दोघे भाऊ हिरवीच्या इंजिनात डोकं घालून बसले होते. सासूबाई, दोघी सुना आणि बोटींचा विक्रेता धक्क्यावर.

थोरलीचं घरूनच ठरलं होतं: हिरवी. सासूबाईंचे गुडघे तिच्यातच चढू शकतील. अठरा वर्षं थोरली त्या गुडघ्यांना तेल चोळत होती. त्यांच्याबद्दल तिच्याइतकं खुद्द सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं.

"आई, पांढरीत बसून बघायचं?" धाकटी म्हणाली. तिला घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाईंच्या चहात साखर किती, हे ती अजूनही थोरलीला विचारायची.

थोरलीने हिरवीची बाजू मांडली. पायरी आहे, पाठ टेकायला जागा आहे, डोक्यावर छप्पर आहे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तुझं बरोबरच असतं गं, म्हणाल्या आणि चपला काढल्या. बोटीत अनवाणीच चढायचं अशी पाटी होती. चपला कुठे ठेवाव्यात म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि थोरलीच्या हातात दिल्या. मग धाकटीचा हात धरून एक पाय, दुसरा पाय, की पांढरीत. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही.

विक्रेत्याने बोट सोडली. लांब वळणावर ती एका बाजूला कलली आणि सासूबाई हसल्या. मोठ्याने, पोरीसारख्या. धक्क्यापर्यंत ऐकू आलं. त्यांची दुखणी, पथ्यं, रुसवे, सगळं थोरलीच्या वाट्याला आलं होतं. हे कधी आलं नव्हतं. तिने हातातल्या चपलांची वाळू झटकली. जरा जास्तच जोरात.

"आईला आवडलेली दिसते," तिचा नवरा डोकं वर काढून म्हणाला.

"संध्याकाळी शेकायची पिशवी मागतील, तेव्हा विचारू कितीशी आवडली ते."

बोट परत लागली. धाकटी टुणकन धक्क्यावर आली आणि तिने हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला नाही. बोटीतल्या कठड्याला धरून थोरलीकडे बघत उभ्या राहिल्या.

"उतरवायला तू ये. हिचा भरवसा नाही."

धाकटी हसली. झालं ना आता मनासारखं, अशा नजरेने नवऱ्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नेहमीसारखा कोपराला आधार देऊन सासूबाईंना उतरवलं. त्यांचा तळवा ओला होता, गाल अजून लाल होते. तिने त्यांना बाकावर बसवलं आणि चपला पायांत सरकवल्या.

विक्रेत्याने विचारलं, आता हिरवीची फेरी मारू या का?

"नको. पांढरीच घेऊ," थोरली म्हणाली. मग तिने स्वतःच्या चपला काढून धाकटीपुढे धरल्या. "धर जरा."

कोणाचा हात न धरता ती चढली, आणि सासूबाई बसल्या होत्या त्याच जागी बसली.

"त्या वळणावरून घ्या," ती विक्रेत्याला म्हणाली. "आई हसल्या ना, तिथून."