दोन सावकाश, तीन झटपट

आणखी एका प्रेक्षकाने हातोडा उचलून गाडीच्या बॉनेटवर आपटला, तेव्हा मिस्त्रींनी डोळेच मिटून घेतले. हातोडा धरायची ही काय तऱ्हा! मूठ पार लोखंडाजवळ, कोपर हवेत. असला माणूस त्यांच्या शेडमध्ये आला असता, तर त्यांनी त्याला दुपारपर्यंतही टिकू दिलं नसतं.

मिस्त्रींची चाळीस वर्षं ठोकरलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात गेली होती. आणि इथे सभागृहाच्या मधोमध एक धडधाकट गाडी उभी करून लोक रांगेने तिला पोचे पाडत होते. पत्र्याला आतून माइक चिकटवले होते. प्रत्येक घाव भिंतीएवढ्या स्पीकरमधून दसपट होऊन अंगावर येत होता. याला संगीत म्हणायचं, असं दारात दिलेल्या कागदावर छापलं होतं. कार्यक्रम किती वेळ चालेल, ते मात्र छापलं नव्हतं. ‘संपेल तेव्हा संपेल’, एवढंच.

कागदाबरोबर हातोडा मिळत होता आणि कानात घालायला बोळे. बोळे पाहून मिस्त्रींना हसूच आलं. ज्या आवाजाने त्यांचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा अर्धा, तो ऐकायला ही मंडळी हौसेने आली होती, आणि तीही कान बंद करून! एका बाईंनी आधी मैत्रिणीच्या हाती फोन दिला, केस सारखे केले आणि मग दारावर टिचकी मारावी तसा घाव घातला. एक गृहस्थ तीन घाव घालून, तळहाताला फोड आला का ते बघत जागेवर येऊन बसले. मिस्त्रींनी आपला हातोडा खुर्चीखाली सारला.

“काका, तुम्ही नाही जाणार?” शेजारच्या चष्मेवाल्याने त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारलं.

“कशाला? म्हणायचंय तरी काय यांना?”

“अर्थ शोधायचा नसतो यात. आवाज म्हणजे नुसता आवाज. त्याच्यामागे काही नसतं.”

एवढं सांगायला शिकलेला माणूस लागतो, मिस्त्री मनात म्हणाले.

गाडीमागे डिकीपाशी उभी राहून एक मुलगी पान्याने पत्रा बडवत होती. हा सगळा खेळ तिनेच मांडलेला. ती त्यांची मुलगी. सोळाव्या वर्षी ती रंगाला तडा जाऊ न देता पोचा काढायची. शेड तिच्याच हाती द्यायची, असं मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि तिने काढलं हे खूळ. त्या दिवशी मिस्त्रींचा तोल गेला. “हेच धंदे करायचे असतील तर या घरात तुझं ताट मांडायचं नाही,” असं ते म्हणाले. ती भरल्या ताटावरून उठली, ती गेलीच. दोन वर्षं झाली त्याला. तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, ते काही मिस्त्रींना सुचलं नव्हतं. आजही ते आले ते बायकोने तिकीट खिशात कोंबलं म्हणून. “अहो, एक दिवस तोंड वाकडं न करता बसा,” असं तिने बजावलं होतं. ते बसले होते. तोंड वाकडंच होतं.

रांग संपत आली. हात दुखू लागले तशी लोकांची हौस फिटली. मुलगी मात्र थांबत नव्हती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. किती बडवशील, मिस्त्रींना वाटलं, खांदा निखळेल. तिच्या खांद्याकडे पाहता पाहता त्यांनी नकळत मोजायला सुरुवात केली.

दोन सावकाश. तीन झटपट. मग ती थांबायची आणि मान वर करून खुर्च्यांकडे पाहायची. पुन्हा दोन सावकाश, तीन झटपट.

मिस्त्री ताठ बसले.

शेड घराच्या मागेच. तिथे काम चालू असलं की हाका मारून घसा बसला तरी आत ऐकू जायचं नाही. म्हणून ही पोर, सात-आठ वर्षांची, स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पत्र्यावर रोज दुपारी उलथन्याने हेच ठोके द्यायची. आतून मिस्त्रींनी ऐरणीवर एकच जड ठोका द्यायचा, म्हणजे ‘आलो’. तो मिळेपर्यंत ती हटायची नाही. एकदा त्यांना कळलंच नव्हतं, तर हाताला वळ उठेपर्यंत ठोकत उभी राहिली होती.

मिस्त्रींनी खुर्चीखालचा हातोडा काढला. गुडघ्यांवर हात रोवून ते उठले, वाटेतल्या दोघांना बाजूला सारून गाडीपाशी गेले. मूठ दांड्याच्या टोकाला, कोपर अंगाशी. पत्र्याला त्यांनी हात लावला नाही. खालच्या जाड चौकटीवर एकच ठोका दिला.

मुलीच्या हातातला पाना खाली पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाकीचे हातोडे एकेक करून थांबले आणि लोक गोंधळून कानातले बोळे काढू लागले.

चष्मेवाला तणतणत पुढे आला. “काय हे, काका! घालवलात ना शेवट? ती अजून वाजवत होती!”

“वाजवतेय कसली?” मिस्त्री हातोडा त्याच्या हातात देत म्हणाले. “तासभर मला जेवायला बोलावतेय ती.”