देवीच्या कानावर

"बॅनर लागणार नाही. पत्रिकेवर कंपनीचं नाव येणार नाही. आणि स्टेजवर तुम्ही चढणार नाही." सुचित्राबाईंनी अटी सांगितल्या आणि चष्मा काढून पदराला पुसला.

"कबूल," विपुल म्हणाला.

तो कंपनीचा जनसंपर्क अधिकारी. ज्या कंपनीविरुद्ध खाडी बचाव समिती वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होती, त्याच कंपनीचा. समितीच्या अध्यक्ष सुचित्राबाईंच्या पडवीत बसून, त्यांच्याच वाडीतलं शहाळं पीत, तो समितीच्याच मेळाव्याचा खर्च उचलायची गोष्ट करत होता. माणसानं निगरगट्ट असावं ते किती!

पण नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. सुनावणी तोंडावर आली होती. खाडीकाठची सगळी गावं एकत्र दिसायला हवी होती, आणि मांडव, जेवण, टेम्पो असं नुसतं म्हटलं तरी वर्गणीदारांना अचानक कामं आठवत होती. बैठकीत अर्ध्यांनी शिव्या घातल्या, अर्ध्यांनी माना खाली घातल्या, आणि शेवटी घ्यायचं ठरलं.

"यात तुम्हाला काय मिळणार?" मृणालनं विचारलं. ती समितीची चिटणीस. सख्ख्या भावाचंही बोलणं तपासून घेणारी.

"साहेबांना वाटतं, गावाशी संबंध सुधारावेत." विपुल हसला. "मला विचाराल तर, मेळाव्याच्या आधी देवळापुढे गाऱ्हाणं घालता ना अजून? तेवढं ऐकायला येऊ द्या. माझं आजोळ म्हसळ्याकडचं. गुरव एकेकाचं नाव घेऊन देवीला साकडं घालायचा. माझं नाव आलं की अंगावर काटा यायचा."

सुचित्राबाईंना तो क्षणभर बरा वाटला, आणि बरा वाटला याचा रागही आला.

तो गेल्यावर मृणाल म्हणाली, "बाई, हा काहीतरी करणार. फोटो काढेल आणि कोर्टात दाखवेल, समिती आमच्याच ताटात जेवते म्हणून."

"मग नजर ठेव त्याच्यावर."

सुचित्राबाईंची खरी काळजी वेगळीच होती. तिचं नाव सुजित. गावातल्या रंगूचा एकुलता एक मुलगा, कंपनीत पंपावर कामाला. कंपनीतून चोरून खाडीत सोडलं जाणारं घाण पाणी तो ताकाच्या बाटलीत भरून त्यांच्याकडे आणून द्यायचा. सगळा खटला त्या बाटल्यांवर उभा होता. पाणी कोण आणतं हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं, मृणाललासुद्धा नाही. मागे असंच तोंड उघडणारा एक कामगार होता. त्याची मोटारसायकल घाटात सापडली. तो अजून सापडलेला नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सुजित नारळ उतरवायच्या निमित्तानं वाडीत आला. चेहरा उतरलेला.

"बाई, आता गेटवर डबे उघडून बघतात. पानी कोन नेतो ते शोधतायत."

"कुणाला बोलला नाहीस ना?"

"आयेला पन न्हाय सांगितला. देवीच्या कानावर घातलाय, तेवढाच."

सुचित्राबाईंना हसू आलं. "ते बरं केलंस. सुनावणीपर्यंत कळ काढ. एकदा न्यायाधीशांपुढे बोललास की तुला पोलिसांचं संरक्षण मिळेल."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती, मेळाव्याला येता येणार नव्हतं. ते बरंच झालं, असं सुचित्राबाईंना वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी मृणालनं उजाडल्यापासून मांडव पालथा घातला. खांब, पाण्याची पिंपं, पत्रावळींचे गठ्ठे, कुठेच कंपनीची खूण नव्हती. विपुल एकटाच आला. चपला गाडीतच काढून, अनवाणी.

"फोनही गाडीत ठेवलाय," तो म्हणाला आणि खिसे उलटे करून दाखवले. मृणाल ओशाळली. तरी त्याच्या शेजारीच उभी राहिली, त्याच्या हातांवर डोळा ठेवून.

दादू गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहिला. नजर गेलेली, आवाज मात्र खणखणीत. गावातल्या कुणालाही देवीशी बोलायचं असलं तर नारळ घेऊन दादूकडे यायचं, आणि तो ते तिला सांगायचा. ज्यानं नारळ ठेवला त्याचं नाव गाऱ्हाण्यात गाळायचं नाही, असा त्याच्या बापापासूनचा नेम.

"आई कालकाई! तुजी लेकरां आज एक झाल्यात, त्यांच्या पाठीशी उभी ऱ्हा!"

"व्हय महाराजा!" मांडव गरजला.

"ज्यांनी तुजी खाडी नासवली, त्यांना बुद्धी दे!"

"व्हय महाराजा!" विपुलही हात जोडून म्हणाला. मृणालला हसू आवरेना. त्याचे हात जोडलेलेच होते, खिशाकडे गेले नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला.

दादू एकेक नाव घेऊ लागला. कोकिळेच्या घरात पाळणा हलू दे. शरच्चंद्र मास्तरांचा गुडघा बरा होऊ दे. समितीच्या बाईला यश दे. प्रत्येक नावाला मांडव हुंकार देत होता. सुचित्राबाईंनी डोळे मिटून घेतले. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपण जिंकणार.

"आनि आई, रंगूचा सुजित तुज्या खाडीसाठी कंपनीतला पानी बाटलीत भरून आनतो. त्याच्या जिवाला सांभाळ!"

रंगूनं दचकून वर पाहिलं. सुचित्राबाईंचे डोळे उघडले, पण तोवर सगळा मांडव सवयीनं म्हणून गेला होता, "व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज विपुलचा होता.