दुखलं तरी चालेल

"दुखलं तर दुखू द्या मॅडम, पण उलटी तेवढी होऊ देऊ नका."

डॉक्टर वैष्णवीने चमकून वर पाहिलं. भूल द्यायचं काम करताना तिच्याकडे लोकांनी नाना मागण्या केल्या होत्या. सुई टोचायला नको, मध्येच जाग यायला नको, अजिबात म्हणजे अजिबात दुखायला नको. दुखणं मागून घेणारी बाई मात्र आज पहिल्यांदाच भेटत होती.

सिंधुबाई नाशिक रोडच्या त्या लहानशा हॉस्पिटलात हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. चाळिशीची, मळ्यात झेंडू-शेवंती पिकवणारी, उन्हानं रापलेली बाई. अंडाशयाला चांगली खरबुजाएवढी गाठ झाली होती आणि ती आज दुर्बिणीतून काढायची होती.

"बस लागते का तुम्हाला?"

"त्र्यंबकला जाईपर्यंत बी लागती."

"मग तर उलटीची शक्यता जास्तच. त्यात पोटात गॅस भरून ऑपरेशन करणार." वैष्णवी खुर्ची ओढून बसली. "हे बघा सिंधूताई, दुखणं मारणारी सगळ्यात जोरकस औषधं अफूच्या कुळातली असतात. ती भरपूर दिली की दुखत नाही, पण मळमळतं. हात आखडता घेतला तर मळमळ कमी, पण दुखेल."

"मग आखडताच घ्या."

"अहो, पण का?"

सिंधुबाईनं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकड्यावर तिची सासू धोंडाबाई बसली होती, डोक्यावर पदर आणि मांडीवर पिशवी.

"मालक जाऊन तीन वर्षं झाली," सिंधुबाई आवाज खाली आणून म्हणाली, "अन् चार महिन्यांपासून हे पोट वाढतंय. आता बोला."

वैष्णवीने उठून दार लोटून घेतलं.

"गाठ हाय म्हणलं तरी गाव बोलतंय, बोलू द्या. लोकांच्या तोंडाला काय हात लावता येतो? पण आत्याबाई काहीच बोलत नाय. चांगलं नाय का वाईट नाय. त्यांच्या मनात काय हाय, मला ठावं नाय. आज त्यांच्या पुढ्यात ओकायला बसले, तर जे असंल ते पक्कंच व्हायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी वैष्णवीची गत झाली. एरवी असल्या ऑपरेशनला ती मोकळ्या हाताने औषध द्यायची. आज तिने फेंटानिलचा, म्हणजे त्याच अफूच्या कुळातल्या औषधाचा, सुरुवातीला लहानसा डोस दिला आणि पुढचे टाळले. पोटावर दुर्बिणीसाठी पाडायच्या छिद्रांच्या जागा बधिर केल्या, सलाइनमधून पॅरासिटामॉल सोडलं, उलटीवरची दोन औषधं आधीच देऊन ठेवली.

"आज कंजूषपणा का?" सर्जनने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"पेशंटची मागणी आहे."

"पेशंटला काय कळतंय त्यातलं?"

वैष्णवीने मॉनिटरवरची नाडी पाहिली. खरं तर तिलाही हे पुरतं पटलं नव्हतं. गावाच्या जिभेपायी एका बाईला तळमळत ठेवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पण ती बाई शुद्धीत असताना, विचार करून बोलली होती. तिचं ऐकायचं नाही, तर मग विचारायचं तरी कशाला?

दुपारी वैष्णवी वॉर्डात गेली. उलटी झाली नव्हती. पण सिंधुबाईच्या कपाळावर घाम डवरला होता आणि चादर मुठीत गच्च आवळलेली होती. पोटातल्या गॅसनं उजवा खांदा धरला होता. कापलं पोट आणि ठणकतो खांदा, असला हा प्रकार. सिस्टर इंजेक्शन भरून उभी होती, पण बाई मान हलवायची थांबेना.

"पुरे झाला हट्ट, सिंधूताई. हे घ्या."

"नको म्हणले ना. एवढं काय नाय दुखत."

सकाळपासून मूग गिळून बसलेली धोंडाबाई खाटेशेजारच्या स्टुलावरून पुढे वाकली. "कशाचं इंजेक्शन हाय?"

"दुखायचं थांबेल त्यानं, आजी."

"मग देत का नाय?"

"त्या नको म्हणतात. त्यानं उलटी होऊ शकते म्हणून."

बोलून गेल्यावर वैष्णवीने ओठ चावला. सिंधुबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

 धोंडाबाई उठली, पदर खोचला, खाटेखालचं स्टीलचं भांडं ओढलं आणि उशाशी ठेवलं.

"सिंधे, इकडं बघ."

सिंधुबाईनं तोंड उशीत खुपसलं.

"तुझ्या दोन्ही पोरांच्या टायमाला तुझ्या ओकाऱ्या कुणी पुसल्या? मी का शेजारणीनं? मग कोणती ओकारी कशाची, ते मला कळत नाय व्हय गं?"

सिंधुबाईची मान हळूहळू वळली. "मग चार महिने बोलल्या का नाय, आत्याबाई?"

"काय बोलायचं?" म्हातारी उसळलीच. "माझी सून तसली नाय, असं दारोदार सांगत फिरू? जे झालंच नाय, त्याची सफाई द्यायची का मी?"

सिस्टरने वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवीने तिला थांबायची खूण केली.

सिंधुबाईची मूठ सुटली. सलाइन लावलेला हात तिने सिस्टरपुढे केला आणि लहान पोरीसारखा हुंदका दिला.

"लय दुखतंय, आत्याबाई," ती म्हणाली. "लय दुखतंय."