चार-चार आकडे

बाबांचं आयुष्य तैनानच्या तारघरात गेलं. आमच्या चिनी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला तारेसाठी चार आकडे असतात. ते सगळे त्यांना पाठ होते. शेवटच्या आजारात मी तैपेईहून पाठवलेले निरोप आई फोन हातात घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर टाइप करून बटण दाबलं, की त्याचे आकडे होऊन क्लिपबोर्डवर कॉपी व्हायचे, आणि तेच मी निरोपात पेस्ट करायची. डॉक्टर खरं काय म्हणाले ते आईला कळू नये, एवढ्यासाठीच.

आज बाबांचा सातवा दिवस. त्यांच्यासाठी जाळायची कागदी कमळं दुमडून आम्हा दोघींची बोटं भरून आली होती.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरवरून त्यांना एक निरोप लिही ना," आई म्हणाली. "आणि अक्षरं नकोत बाई. तुझे बाबा झोपेतसुद्धा आकडेच बडबडायचे."

मी टाइप केलं, बटण दाबलं. 'कॉपी झाले.' पण आता पाठवणार कुठे?

आईने कमळाचा एक सोनेरी कागद पुढे ओढला. "तू वाच, मी लिहिते. कमळांबरोबर जाळू."

आकडे स्क्रीनवरच्या कोऱ्या पानावर पेस्ट करून मी सावकाश वाचत गेले. मी लिहिलं होतं, 'बाबा, आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही.'

शेवटचा आकडा लिहून झाल्यावर आईने त्या ओळीवरून चार-चार आकड्यांनी बोट फिरवलं.

"हे खोटं आहे गं, आ-युन," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी लिही."