जमलंय का

फ्रिजमध्ये काळा पाव आणि बिटाच्या लोणच्याची बरणी यांच्या मधोमध आईची कापड छापायची जिलेटिनची वडी अजून होती. केकच्या ट्रेएवढी, पिवळसर, आरपार दिसणारी. सिडसेलने ती ओट्यावर ठेवली तेव्हा खिडकीबाहेरचं समुद्राचं धुकं जणू तिच्यातच उतरलं.

वडीच्या एका कोपऱ्यात बोटाचा खळगा होता. इंगरला, तिच्या आईला, जिलेटिन घट्ट होईपर्यंत कधी धीर धरवला नाही. दर वेळी बोट टोचून बघायची. खळग्याला रंग लागत नसे. त्यामुळे तिने छापलेल्या प्रत्येक पिशवीवर, उशीच्या प्रत्येक अभ्र्यावर नेच्याच्या पानांशेजारी एक पांढरा ठिपका असे, उंदराने कुरतडल्यासारखा. बोडिलमावशी विचारायची, तुझ्या घरात उंदीर किती झालेत गं? आई म्हणायची, बघत होते, जमलंय का.

उद्या आईचं दफन झाल्यावर माणसं कॉफीला येणार होती. बहिणीच्या टेबलावर विकतचं कापड घालायचं नाही, हे मावशीने परस्पर ठरवून टाकलं होतं. जुनी चादर फाडून ती सकाळपासून इस्त्री करत होती. ती आईच्याच वडीने छापायची होती, पण वडीच्या कडांना बुरशी धरली होती, आंबूस वास येत होता. वितळवून, गाळून पुन्हा ओतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"त्याआधी एक छाप घेते," सिडसेल म्हणाली. "ठिपक्यासकट."

"घे. उंदरालाही निरोप द्यायला हवा," मावशी म्हणाली. इस्त्री थांबली नाही.

भिंतींचा उरलेला निळा रंग सिडसेलने रुळाने वडीवर पसरला. त्यावर बागेतला नेचा ठेवला, वर कापड अंथरलं आणि तळहाताने दाबू लागली. खळग्यापाशी हात आला आणि तिथेच राहिला. ती दाबत राहिली.

कापड उचललं. नेचा पाण्याखाली उभा असल्यासारखा उमटला होता. कोपरा मात्र सगळा निळा होता. आणि वडी नेमकी खळग्यातच चिरली होती.

"ठिपका गेला, मावशी."

मावशीने पाहिलं. वडीचे तुकडे करून पातेल्यात टाकू लागली.

सिडसेल कापड वाळत घालायला बागेत गेली. धुक्यात ना कुंपण दिसत होतं, ना समुद्र. झेंड्याच्या रिकाम्या खांबावर दोरी अधूनमधून आपटत होती. पलीकडे कुणीतरी वाकून नेचा खुडतंय असं तिला वाटलं. हाक न मारता ती बराच वेळ त्या दिशेला बघत उभी राहिली.

आत आली तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. ट्रेमध्ये नवी वडी होती, अजून कोमट, धक्का लागला की थरथरणारी. कोपऱ्यात बोटाचा खळगा.

मावशी पाठमोरी उभी राहून एप्रनला बोट पुसत होती.

"बघत होते," ती म्हणाली, "जमलंय का."